खांबेटेसाहेबांचा दुसरा नारळ

विज्ञान आणि श्रद्धा यांच्यातला झगडा माणूस गुहेत राहत होता तेव्हापासून चालू असून त्याचा निकाल अजून लागलेला नाही, असं विचारवंत मानतात. निकाल लागलेला आहे. तो हिमाचलातल्या एका छोट्या जलविद्युत केंद्रात, ऐन जानेवारीत, दुपारच्या चहाच्या जरा आधी लागला आणि मी तिथे जातीने हजर होतो. त्या झगड्याची पहिली फेरी सुरू झाली तेव्हा तर मी तेलाच्या गरम पाइपावर मोजे वाळत घालत होतो.

“दिघे, ते उचला,” खांबेटेसाहेब म्हणाले. “इथे नारळ फुटायचाय.”

मी ओले मोजे उचलून खिशात घातले. देवाधर्माच्या कामात मी कधी आडवा येत नाही.

आम्ही तिघं पुण्याच्या एका कंपनीकडून आलो होतो. पाण्यावर चालणारी वीजकेंद्रं दुरुस्त करून पुन्हा चालू करून देणं हा कंपनीचा धंदा. डोंगरातल्या नद्या हिवाळ्यात आक्रसतात, वीज कमी निघते, म्हणून मशीन उघडायचं ते हिवाळ्यातच. हे तर्काला धरून आहे. मशीन उघडायला जाणाऱ्या माणसांचा त्या तर्कात कुठे उल्लेख नाही, एवढंच. कंपनीने आम्हाला प्रत्येकी एक माकडटोपी दिली होती. तिन्ही टोप्या एकाच मापाच्या होत्या आणि ते माप आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

खांबेटेसाहेब आमचे प्रमुख. मार्चअखेर निवृत्त होणार होते. उभ्या नोकरीत त्यांनी नारळ फोडल्याशिवाय एकही मशीन चालू केलं नव्हतं आणि त्यांनी चालू केलेलं एकही मशीन पहिल्या दिवशी बंद पडलं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं त्यांचं मत होतं. कंपनीचं तसं मत नव्हतं, पण नारळ न फोडता बघू या असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. दौऱ्यात दोन केंद्रं होती, म्हणून साहेबांनी पुण्याहून दोन नारळ आणले होते. खांबेटेकाकूंनी जुन्या खणाची एक पिशवी शिवून दिली होती, त्यात नारळ, हळदकुंकू, सुपाऱ्या. रेल्वेच्या सबंध प्रवासात ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. माझी बॅग मात्र कुणाच्या तरी पायाखाली होती.

तिसरी वैजयंती सामंत. वय सत्तावीस, मूळची मालवणची, त्यामुळे नारळाची नवलाई नाही आणि कुणाची भीडही नाही.

“हमारे यहाँ भी चढ़ाते हैं जी,” गुलेरियासाहेब म्हणाले. ही दोन्ही केंद्रं त्यांच्या हाताखाली होती. उंच, शांत, कमालीचा अदबशीर माणूस. “सूखा गोला चढ़ाते हैं. मँगवा दूँ?”

“सूखा नहीं चलेगा,” खांबेटेसाहेब म्हणाले. “पानी उड़ना चाहिए. मशीन पर.”

मशीनवर पाणी उडणं ही गोष्ट कुठल्याच वीज अभियंत्याला आवडत नाही. पण गुलेरियांनी मान डोलवली आणि सगळे चपला-बूट काढून उभे राहिले. जमीन इतकी गार होती की श्रद्धा आपोआप तळपायातून वर चढत होती.

साहेबांनी नारळ डोक्यावर नेला आणि मशीनच्या पायथ्याशी आपटला. दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला आणि फरशीचा टवका उडाला. नारळ होता तसाच. साहेबांचा नारळ पहिल्या फटक्यात फुटतो, अशी त्यांची ख्याती होती. दुसरा फटका. तिसरा. चौथ्याला करवंटी उकलली, पण पाणी उडालं नाही. आतून एक पांढरा गोळा निघाला, घरंगळत गेला आणि गुलेरियांच्या पायाशी थांबला. नारळातलं पाणी रात्रीत गोठलं होतं.

गुलेरियांनी तो गोळा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि एक कोपरा दाताने तोडला.

“प्रसाद बहुत ठंडा है जी,” ते म्हणाले.

साहेब करवंटीचे तुकडे गोळा करू लागले. मशीन चालू झालं आणि दिवसभर उत्तम चाललं. त्याचं श्रेय मात्र साहेबांनी नारळाला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने वरच्या केंद्राकडे निघालो. रस्त्याच्या एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी रचना होती. वैजयंतीने तो विषय काढला.

“सर, एक विचारू?”

“विचारा.”

“कालचा नारळ चौथ्या फटक्याला फुटला. पाणी उडालं नाही. तरी मशीन चाललं.”

“चाललं,” साहेबांनी मान्य केलं. “ते जुनं मशीन आहे, सामंत. त्याला सवय आहे.”

“वरचंही जुनंच आहे की.”

“मशीन जुनं आहे हो. गव्हर्नर तुमचा नवा आहे. त्याला कुठे कुणाची ओळख आहे अजून?”

इथे गव्हर्नरबद्दल सांगायला हवं. मशीनचा वेग कायम राहावा म्हणून किती पाणी सोडायचं ते हे उपकरण ठरवतं. आमची कंपनी ते परदेशातून आणून बसवायची. वैजयंतीने चार वर्षं खपून स्वतःचा गव्हर्नर तयार केला होता आणि तो पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या मशीनवर लागत होता. गुलेरियांची अट साधी होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मशीन सलग चालायला हवं. नाही चाललं तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेला जुना परदेशी गव्हर्नर पुन्हा चढणार. तो चढला की पुण्यात वैजयंतीचा विभाग बंद होणार, हे निघतानाच सांगण्यात आलं होतं. विभाग म्हणजे ती, एक टेबल आणि एक टेबलफॅन.

“सर, माझं एक ऐकाल?” ती म्हणाली. “वर आधी मशीन चालवू. नारळ संध्याकाळी फोडा, चाचणी संपल्यावर. चाललं तर गणिताने चाललं आणि पडलं तर गणिताने पडलं, एवढं मला कळू दे. एकदाच.”

साहेब बराच वेळ बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दरी होती.

“बरं,” ते म्हणाले.

वडीलधारा मराठी माणूस ‘बरं’ म्हणतो तेव्हा त्याने काहीही कबूल केलेलं नसतं. वैजयंतीला हे ठाऊक असायला हवं होतं.

वरच्या केंद्राच्या विश्रामगृहात थंडी अशी की आम्ही स्वेटर घालून झोपलो आणि सकाळी ते अंगाला चिकटल्यासारखे वाटले. पण खरा घोटाळा साहेबांच्या खोलीत झाला होता. त्यांनी कवळी काढून ग्लासभर पाण्यात ठेवली होती आणि ती तिथेच गोठली होती. दार उघडलं तेव्हा ते हातात ग्लास घेऊन उभे होते. बर्फातून त्यांचे दात आमच्याकडे बघून हसत होते. साहेब हसत नव्हते.

दात नसलेले खांबेटेसाहेब मी आधी कधी पाहिले नव्हते. वैजयंतीने तातडीने खिडकीबाहेरच्या निसर्गात रस घेतला.

साहेबांनी ग्लास शालीखाली धरला, खांद्याला नेहमीची खणाची पिशवी अडकवली आणि आम्ही पॉवरहाउसमध्ये गेलो. हिवाळ्यात तिथले लोक मशीनला बंब, चूल आणि दोरी अशा तिन्ही नात्यांनी वापरतात. एकाचे हातमोजे पाइपावर, दुसऱ्याचा पराठ्याचा डबा गरम हवेच्या झरोक्यापाशी, कुणाची टोपी कुठे. ज्याची त्याची जागा ठरलेली आणि त्यावर कधी भांडण नाही. माझ्या मोज्यांनाही एक पाइप देण्यात आला.

साहेबांनी गुलेरियांना शालीतून ग्लास दाखवला आणि प्रश्नार्थक हात केला. गुलेरियांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते साहेबांना अदबीने पंपाच्या खोलीकडे घेऊन गेले. तिथे लाकडी झाकणाची एक मोठी टाकी होती. मशीनची बेअरिंगं फिरून फिरून तापतात, त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. नदीचं पाणी हिवाळ्यात पाइपात गोठेल म्हणून हे लोक टाकीतलंच पाणी खेळवत ठेवत. बेअरिंगमधून परत येणारं पाणी चांगलं कोमट असे. मशीनं दोन, पंपही दोन, टाकी एक. पहिल्या नंबरचं मशीन चालूच होतं, त्यामुळे टाकी ऊबदार होती. दुसऱ्या नंबरच्या मशीनवर वैजयंतीचा गव्हर्नर होता.

थोड्या वेळाने साहेब बाहेर आले ते दातांसकट, आणि अत्यंत प्रसन्न. नुसते दात बसल्याने माणूस एवढा खुलतो हे मला नवीन होतं.

“सामंत, करा सुरू,” ते म्हणाले. “मी मध्ये येत नाही.”

दुसऱ्या नंबरचं मशीन चालू झालं. वेगाचा काटा ठरल्या जागी आला आणि तिथे असा स्थिर राहिला की तबकडीवर रंगवल्यासारखा वाटावा. गुलेरियांनी दोनदा काचेवर टिचकी मारून बघितली. वैजयंती श्वास रोखून उभी होती. तिने तो सोडला आणि मी चहा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा घंटा वाजत होती. वेगाचा काटा अजूनही जागेवर होता, पण शेजारचा, बेअरिंगच्या तापमानाचा काटा वर वर चढत होता. तो तांबड्या रेघेला टेकला आणि मशीन आपणहून बंद झालं.

आम्ही सगळं तपासलं. तेल ठीक होतं. गार पाण्याचा पंप चालू करून पाहिला, तर पाण्याचा दाब उत्तम. टाकीत पाणी आहे ना? होतं. बाहेरच्या काचेच्या नळीत पातळी दिसत होती, पूर्ण भरलेली. मशीन पुन्हा चालू केलं. वेग स्थिर. चहाचा एक पेला संपेपर्यंत सगळं छान, आणि मग पुन्हा तो दुसरा काटा चढायला लागला, पुन्हा घंटा.

“गव्हर्नर से गड़बड़ है जी,” गुलेरिया हळूच म्हणाले.

वैजयंतीने त्यांना समजावलं की गव्हर्नर पाणी सोडतो, बेअरिंग तापवत नाही. त्याने बेअरिंग तापवायचं ठरवलं तरी त्याला ते जमणार नाही. गुलेरियांनी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि म्हणाले की मॅडमचं बरोबर आहे. फक्त त्यांच्या अडाणी डोक्याला एक शंका येते. पहिल्या नंबरचं मशीन तीच टाकी, तसाच पंप, तेच तेल वापरतं, आणि ते तर मजेत चाललंय. दोन मशीनांत फरक एकच, गव्हर्नर. तो नव्हता तेव्हा बेअरिंग तापत नव्हतं. तो आला आणि तापायला लागलं.

याला उत्तर नव्हतं. उत्तर असलं तरी ते पंपाच्या खोलीत, लाकडी झाकणाखाली होतं.

साहेब एका लोखंडी खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते. मध्ये येत नाही म्हणाले होते, त्याप्रमाणे येत नव्हते. ते एकदा वैजयंतीकडे बघत आणि एकदा पंपाच्या खोलीच्या दाराकडे. मला वाटलं, दात पुन्हा सैल झाले असावेत.

तिसऱ्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा दुपार कलली होती. डोंगरावर ढग उतरले होते आणि ड्रायव्हर दोनदा येऊन सांगून गेला होता की उद्या सकाळी निघालो नाही तर रस्ता बंद होईल. गुलेरियांनी आपल्या माणसांना पहाडीत काहीतरी सांगितलं. दोघं जण कोपऱ्यात गेले आणि त्यांनी ताडपत्री ओढली. खालून जुना परदेशी गव्हर्नर निघाला, स्वच्छ पुसलेला. ते नट खोलायचे पाने घेऊन वैजयंतीच्या गव्हर्नरपाशी येऊन उभे राहिले. घाई नव्हती कुणाला. ती बाजूला होईपर्यंत ते थांबणार होते.

ती बाजूला झाली नाही. आपल्या यंत्रावर हात ठेवून उभी राहिली. रडत नव्हती, पण डोक्यावरची माकडटोपी तिने पार भुवयांखाली ओढून घेतली होती.

साहेब उठले. तिच्याजवळ गेले.

“सामंत,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “आता फोडू?”

तिने टोपी आणखी खाली ओढली.

“तुम्ही नाही म्हणालात तर नाही फोडणार. शब्द दिलाय मी.”

“फोडा, सर,” ती म्हणाली. “आता काय राहिलंय.”

साहेब तरातरा पंपाच्या खोलीत गेले. आतून झाकण सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात खणाची पिशवी होती आणि ती निथळत होती.

“सकाळपासून कोमट पाण्यात सोडून ठेवला होता,” ते मला म्हणाले. “परवासारखा गोठायला नको. वेळेवर हाताशी असलेला बरा.”

मी वैजयंतीकडे पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं. सगळे पुन्हा अनवाणी झाले. साहेबांनी नारळ डोक्यावर नेला, डोळे मिटले, एक फटका. नारळाची दोन शकलं झाली आणि कोमट पाण्याची चिळकांडी मशीनवर, गुलेरियांवर आणि माझ्या नुकत्याच वाळलेल्या मोज्यांवर उडाली.

“करा चालू,” साहेब म्हणाले.

वेगाचा काटा जागेवर आला. आम्ही सगळे शेजारच्या काट्याकडे बघत होतो. चहा आला, प्यायला गेला. काटा हलला नाही. पुन्हा चहा आला. काटा तिथेच. पाने घेतलेले दोघं खाली बसले. मग त्यातल्या एकाने पाना बाजूला ठेवून खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. गुलेरिया काट्यापुढे हात जोडून उभे होते. दिवसाची वाया गेलेली चाचणी रात्रभर मशीन चालवून उद्या सकाळी निघण्याआधी पुरी करू, असं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.

तेवढ्यात वैजयंतीने ती पिशवी पाहिली. साहेबांनी ती खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकली होती. ओल्या खणावर मधोमध गंजाचं एक वर्तुळ उठलं होतं. थेट पाइपाच्या तोंडाएवढं.

तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंपाच्या खोलीत गेली. मी मागोमाग. टाकीच्या कडेला एका खिळ्याला पिशवीची नाडी बांधल्याची खूण होती. बरोबर खाली, हातभर पाण्यात, दुसऱ्या नंबरच्या पंपाच्या पाइपाचं उघडं तोंड. पंप चालू झाला की पिशवी हळूहळू त्याकडे ओढली जाणार आणि बुचासारखी बसणार. बेअरिंग तापणार, मशीन बंद, पंप बंद, आणि पिशवी सुटून पुन्हा निरागसपणे पाण्यात लोंबकळणार.

“सांग त्यांना,” मी म्हणालो. “आत्ताच्या आत्ता सांग.”

“थांब जरा.”

“अगं, तुझा गव्हर्नर निर्दोष आहे. नारळाने काही चालवलं नाही. उलट नारळानेच—”

“मला दिसतंय, दिघे.”

बाहेर गुलेरियांनी साहेबांच्या गळ्यात हिमाचली मफलर घातला होता. माणसं एकेक येऊन पाया पडत होती. साहेब अवघडून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. मार्चनंतर त्यांच्या पाया पडायला कोण येणार होतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं.

गुलेरियांनी वैजयंतीला गाठलं. अहवालात बिघाडाचं कारण लिहावं लागेल, काय लिहू?

“गार पाण्याचा प्रवाह कमी पडत होता, असं लिहा,” ती हिंदीत म्हणाली. “गव्हर्नरचा दोष नाही.”

“और ठीक कैसे हुआ?”

वैजयंतीने साहेबांकडे पाहिलं. मफलरमध्ये त्यांची हनुवटी बुडाली होती.

“सर ने किया,” ती म्हणाली.

यात एकही शब्द खोटा नव्हता.

गव्हर्नर पास झाला. परतताना जीपमध्ये साहेबांनी तिला सांगितलं की तिचं गणित उत्तमच आहे, पण गणिताला जरासा टेकू लागतो, एवढंच. ती ‘हो सर’ म्हणाली. मी दरीकडे बघत राहिलो. त्या दिवशी दरीत बघण्यासारखं बरंच होतं.

मार्चमध्ये निरोपसमारंभ झाला. भाषणांत नारळाचा उल्लेख निदान चारदा आला आणि दर वेळी टाळ्या पडल्या. शेवटी साहेब वैजयंतीच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी घडी घातलेली खणाची पिशवी तिच्यापुढे ठेवली.

“तुम्हाला राहू दे,” ते म्हणाले. “हिने तीनदा धुतली. तो डाग काही जात नाही.”

“असू दे, सर.”

“मध्यभागी आहे अगदी.” साहेबांनी चष्मा पुसला. “मी बरेच दिवस बघत होतो त्याच्याकडे.”

एवढं म्हणून ते दुसऱ्या टेबलाकडे वळले. त्यांना काय म्हणायचं होतं, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही.

आता वैजयंती कंपनीची संचालक आहे. तिचे गव्हर्नर देशभर लागतात आणि प्रत्येक वेळी नारळ फुटतो. नारळ ती स्वतः त्याच पिशवीतून नेते, दुसऱ्या कुणाला आणू देत नाही, आणि फोडते ती केंद्राच्या फाटकाबाहेर. बाई फार श्रद्धाळू आहेत, असं सगळे म्हणतात. वरच्या केंद्रात गुलेरियांनी दर हिवाळ्यात पुण्याहून ओला नारळ मागवायची प्रथा पाडली, ती त्यांच्यानंतरही चालू आहे.

मध्यंतरी मी तिथे पुन्हा जाऊन आलो. टाकीचं झाकण उघडून बघितलं. पंपाच्या पाइपाच्या तोंडाला गाळणीची जाळी असते. दुसऱ्या नंबरची जाळी त्या वर्षी साफ करायला काढली होती आणि परत बसवायची राहिली होती. आता बसवली आहे.